निळ्या फाईलमधली चोवीस कार्डं

१

गुरुवारी सकाळी सव्वासातला लखीराम वाचनालयाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "संजय, माह्यं आधार कार्ड वापस दे. मले नाही येचं दिल्लीले."

हा माणूस पहिल्या दिवसापासून नाट लावत होता. सहल काढायची तर तिरुपतीला काढा, सरकारी इमारती पाहायला एवढ्या लांब कशाला, दारव्ह्याचं तहसील ऑफिस काय कमी आहे, असं तो महिनाभर पारावर सांगत फिरला होता. तरी त्याचं नाव यादीत होतं, कारण ते बायकोनं स्वतःच्या नावाबरोबर दिलं होतं. मी वाद घातला नाही. खिळ्यावरची चावी काढली, कपाट उघडलं आणि वरच्या खणात हात घातला. हाताला नुसती फळी लागली.

निळी फाईल जागेवर नव्हती.

तिच्यात बोरी अरबच्या चोवीस माणसांची आधार कार्डं होती. झेरॉक्स नव्हे, अस्सल. ती गोळा करायचा शहाणपणा माझाच. मागच्या वर्षी वाचनालयानं नागपूरला विधानभवनाची सहल काढली, तेव्हा सहा जण कार्ड घरी विसरले आणि दिवसभर फाटकाबाहेर संत्री सोलत बसले. म्हणून या वेळी मंगळवारी संध्याकाळी मी घरोघर फिरून सगळ्यांची कार्डं जमा केली आणि कपाटात कुलूपबंद ठेवली. कुलपाची चावी घड्याळाखालच्या खिळ्याला असते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, हा भाग वेगळा.

शुक्रवारी संध्याकाळी वर्ध्याहून गाडी होती. रविवारी सकाळी दहाला राष्ट्रपती भवन. तिथं चोवीस नावं नंबरसकट आधीच भरलेली. रविवारी संध्याकाळी युद्ध स्मारक. सोमवारी संसदेची गॅलरी, तिचे पास हातात आलेले. दिल्लीत कुठली इमारत कुठल्या वारी बंद असते हे जुळवताना मी वेळापत्रक पाच वेळा फाडलं होतं. आणि दारात अस्सल कार्ड दाखवलं नाही तर हे सगळं वाया. नवी प्रत काढायची तर मोबाईलवर ओटीपी येतो, आणि आमच्या निम्म्या लोकांनी आधारला जोडलेला नंबर कधीचाच बंद पडलेला.

इतरांचं एक वेळ ठीक होतं. दिल्ली पुढच्या वर्षीही तिथंच असणार. शकुकाकूंचं तसं नव्हतं. शकुबाई आणि मारोतराव या जोडप्याचा एकुलता मुलगा विलास, घरचा बंटी, फौजेत होता. अकरा वर्षांपूर्वी गेला. दिल्लीच्या स्मारकावर जवानांची नावं कोरली आहेत, त्यात आपल्या बंटीचंही आहे, हे मारोतराव दर पंधरा ऑगस्टला शाळेत सांगायचे आणि सगळं गाव मान खाली घालून ऐकायचं. काकूंना त्या नावावर एकदा हात ठेवायचा होता. गुडघे गेलेली, पंचाहत्तरीला टेकलेली बाई. पुढल्या वर्षाचा भरवसा त्यांना कोणी द्यायचा? मी तर नाही देऊ शकत.

"काय झालं?" लखीरामनं मान आत घालून विचारलं.

"फाईल नाही आहे."

"म्हंजे? माह्यं कार्ड?"

"सगळ्यांचंच."

 लखीराम पायरी उतरून गावभर सांगायला निघाला. मी त्याच्या आधी बिजलीबाईंच्या घरी पोचलो.

२

बिजलीबाई राठोड बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या. गेल्या साली निवृत्त झाल्या. मिशा फुटलेल्या पोराला बारा वर्षांचा सांगून अर्ध्या तिकिटावर बसवणारे बाप आणि पास घरी राहिला म्हणून डोळ्यात पाणी आणणारे कॉलेजकुमार त्यांनी इतके पाहिलेत, की समोरचा खोटं बोलायच्या आधी त्यांना कळतं. निदान त्या तसं सांगतात. सहलीच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं.

"रडू नको," त्या म्हणाल्या. मी रडत नव्हतो, पण फार फरकही नव्हता. "फाईल शेवटची कवा पाह्यली?"

"काल सकाळी नऊला. नावं परत एकदा पडताळून पाहिली आणि कुलूप लावलं."

"मंग?"

"साडेनऊला पोस्टात गेलो. अकराला परत आलो. त्यानंतर दिवसभर मी कपाटासमोरच बसलो होतो. वाचनालय बंद केलं तेव्हा दाराला कुलूप लावलं, आणि त्याची चावी माझ्याच खिशात होती."

"म्हंजे साडेनऊ ते अकरा. दरवाजा उघडा?"

"पेपर वाचायला लोक येतात ना. रजिस्टरमध्ये तीन सह्या आहेत. लखीराम, हमीदाचाची आणि मारोतराव."

"अन तू."

"मी?"

"तू सहल काढली, तुले झेपली नाही, तूच फाईल दडोली. असं झालं नसन काहून?"

 बिजलीबाई हसल्या. "तुले वेळापत्रक बनोताना पाह्यलं म्या. तू नाही दडोणार. चाल. कोण कुठून बसला अन कुठी उतरला, एवढं समजलं की बाकीचं आपोआप समजते."

लखीराम पारावरच सापडला. भोवती दहा-बारा माणसं जमवून तो माझ्या निष्काळजीपणावर भाषण देत होता. बिजलीबाईंनी त्याला हाताला धरून बाजूला घेतलं.

"काल वाचनालयात गेलता न?"

"गेलतो. साडेनऊले. पेपर पाह्यला अन घरी आलो. कपाटाले हात नाही लावला, माय शप्पथ."

"तुले ही सहल नाही पायजे, हे तर साऱ्या गावाले ठाऊक हाय."

"हाव, नाही पायजे! तोंडावर सांगतलं म्या. चोरी कायले करू? आज सकाळी कार्ड मांगाले मीच आलतो न?"

"साळसूद दिसाले आला असशीन."

लखीराम चिडून पाय आपटायला लागला. बिजलीबाई त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिल्या आणि त्यांनी त्याला सोडून दिलं.

"हा नाही," वाटेत त्या म्हणाल्या. "ज्याले फुकट बसाचं असते, तो मांगच्या दारानं चढते. हा पुढच्या दारातून बोंबलत चढणारा हाय. अन त्याची बायको दिल्लीहून वापस येईपर्यंत याले घरी पत्ते खेळाले मोकळीक हाय. सहल बुडोली तर बायको घरीच राह्यते."

मी विचारलं, "मग उरले दोघं. त्यातलं कोण?"

"आंधी चाचीले पाहू," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

३

हमीदाचाचीच्या ओसरीवर शिलाई मशीन अखंड चालू होतं. चाची आमच्यासाठी कापडाच्या चोवीस छोट्या पिशव्या शिवत होत्या, कार्ड ठेवून गळ्यात अडकवायच्या. कोणी सांगितलं नव्हतं, पैसेही घेणार नव्हत्या. त्यांची नणंद मात्र सहलीच्या वेटिंग लिस्टवर पहिली होती, आणि एक माणूस गळला तर तिचा नंबर लागणार होता. मी हे बिजलीबाईंच्या कानात सांगितलं. माझ्या मते हा मोठाच धागा होता.

"चाची, काल वाचनालयात कायले गेलत्या?"

"अरे, कार्डचं नाप पाहिजे होतं. पिशवी छोटी झाली तं कार्ड जात नाही, मोठी झाली तं पडून जाते. संजय नव्हता. सव्वादहा वाजले असतील. मंग मी वापस आली, आणि माझ्या पोराच्या, जफरच्या लायसनवरून नाप घेतलं. सारखंच आहे न दोन्हीचं."

"कपाट पाह्यलं तवा?"

चाचींनी मशीन थांबवलं. "पाहिलं. चाबी खिळ्याला नव्हती. कुलुपालाच लटकत होती. मला वाटलं संजय मागं गेला असेल, मी आवाज दिला. कोणी बोललं नाही. मारोतभाऊ पेपर घेऊन बाहेर बाकड्यावर बसले होते. ते म्हटले, संजय पोस्टात गेला."

मी बिजलीबाईंना बाजूला घेतलं. "बघा! चावी कुलपाला होती, त्या आत एकट्या होत्या, आणि नणंद वेटिंगवर!"

"संजू, एक माणूस गळाला तर नणंद जाईन. फाईल गेली तर कोणीच नाही जात. चाचीले नणंदेसाठी जागा पायजे असती तर तिनं एक कार्ड काढलं असतं, चोवीस नाही." त्यांनी ओसरीवरच्या पिशव्यांच्या ढिगाकडे बोट केलं. "अन ज्याले ठाऊक हाय की सहल होतच नाही, तो आज सकाळी बसून पिशव्या शिवन काय?"

माझा मोठा धागा तिथंच तुटला.

मारोतरावांच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. सत्त्याहत्तरीचा हाडकुळा ताठ माणूस. अंगणात तूर वाळत घातली होती आणि ते तिच्यावरची कोंबडी हाकलत होते. शकुकाकू शेजारी गेल्या होत्या. फाईल हरवल्याचं दोघांनाही लखीरामकडून केव्हाच कळलं होतं.

"वाईट झालं," मारोतराव म्हणाले. "आता काय करता? नशिबात नसन दिल्ली."

"काकू काय म्हणे?" बिजलीबाईंनी विचारलं.

"काय म्हणन. सकाळपासून काहीच नाही बोलली."

"तुम्ही काल वाचनालयात होते."

"होतो न. बाकड्यावर बसून पेपर वाचला. हमीदा आलती, गेली. मंग मी पण निंगालो, साडेअकराच्या गाडीनं दारव्ह्याले गेलतो. डोळ्यातलं औषध संपलं होतं. तीन वाजता वापस."

"गाडीत गर्दी होती?"

"लई. उभ्यानं गेलो. थो कंडक्टर मोठा खडूस हाय बाप्पा. एका बुढ्यासंग भांडून राह्यला होता, त्याले खाली उतरोलं अर्ध्या रस्त्यात."

"तुम्हाले नाही छळलं?"

"मले कायले छळन? आपल्याले तर तिकीट माफच हाय." मारोतरावांनी कोंबडीला आणखी एक खडा मारला.

मला वाटलं होतं बिजलीबाई आता खरी उलटतपासणी सुरू करतील. चावीबद्दल विचारतील, वेळा विचारतील. पण त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "येतो," म्हणाल्या आणि फाटकाबाहेर पडल्या. कोपऱ्यावर येऊन त्यांनी फोन काढला.

४

"अमरसिंग, बिजलीबाई बोलते. काल दारव्ह्याच्या साडेअकराच्या गाडीवर तूच होता न?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडून गाडीचा खडखडाट आणि अमरसिंगचा आवाज आला. बिजलीबाईंच्या हाताखाली तयार झालेला कंडक्टर.

"हाव मॅडम, मीच होतो. कंप्लेंट आली काय?"

"नाही रे. बोरी अरबहून एक बुढा चढला होता. उंच, पांढरं धोतर, काळी टोपी. त्याले कोणतं तिकीट देल्लं?"

"पंचाहत्तरच्या वरचं. फुकटचं."

"कार्ड पाह्यलं?"

"पाह्यल्याबिगर कसं देईन? लॅमिनेशनवालं आधार. एक कोपरा जळला होता त्याचा, चुलीवर पडलं होतं म्हणे. म्हणून ध्यानात राह्यलं."

"झेरॉक्स तर नोतं?"

"झेरॉक्सवर मी फुकट तिकीट नाही फाडत मॅडम. तुम्हीच शिकोलं न. कालच एका बाबाले उतरोलं त्याच्यापायी."

बिजलीबाईंनी फोन बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिथंच रस्त्याच्या कडेला उभा होतो. मंगळवारी संध्याकाळी मारोतरावांचं कार्ड मीच हातात घेतलं होतं. एक कोपरा जळलेलं. फाईलमध्ये सगळ्यात वर मीच ठेवलं होतं, बुधवारी नऊ वाजता ते तिथंच होतं. आणि साडेअकराला ते एसटीत.

"पस्तीस रुपये देऊन साधं तिकीट काढलं असतं, तर मले जन्मात समजलं नसतं," बिजलीबाई म्हणाल्या. "पण पंचाहत्तरी झाल्यापासून या माणसानं एकदाही तिकिटाचे पैसे नाही देल्ले. तो त्याचा मान हाय. मान कोणी सोडते काय? चोरलेल्या फाईलीतून सोताचं कार्ड काढून घेतलं, अन बाकीचं दडोलं."

"पण का? त्यांच्याच मुलाचं नाव पाहायला तर..."

"थेच मले समजून नाही राह्यलं," त्या म्हणाल्या. "चाल वापस."

५

मारोतराव तुरीच्या कट्ट्यांना, भरलेल्या पोत्यांना, टेकून बसले होते. आम्ही परत आलेलो पाहून त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि परत घातली.

"मारोतराव," बिजलीबाई म्हणाल्या, "काल बसमधी आधार कार्ड कोणतं दाखोलं?"

 कोंबडी तुरीवर मनसोक्त चरत होती. तिला हाकलायचं त्यांना भान नव्हतं.

"कट्ट्यामांगं हाय फाईल," ते शेवटी म्हणाले. "हमीदा गेल्यावर चावी खिळ्याले लावली अन फाईल घरी आणली. एकबी कार्ड फाडलं नाही. गाडी निंगून गेल्यावर वाचनालयात आणून ठेवणार होतो."

"काहून केलं?"

"नाव नाही हाय तिथं."

"कोणाचं?"

"बंटीचं. लढाईत कामी आले त्यायचीच नावं हाय त्या स्मारकाच्या भितीवर. बंटी सुट्टी संपवून ड्युटीवर जाऊन राह्यला होता. टेशनाबाहेर ट्रकनं उडोलं त्याले. कागदावर सारं लिहेल हाय. तिले वाचता येत नाही." त्यांनी टोपी परत काढली. "सहा सालाआंधी टीव्हीवर थे भीत दाखोली. ही म्हणे, यात आपल्या बंटीचंबी असन न? म्या हाव म्हटलं. तिच्या तोंडाकडं पाह्यलं अन हाव म्हटलं. मंग शाळेवाल्यायनं इचारलं. त्यायलेबी हाव म्हणा लागलं. आता तेवीस माणसं घेऊन तिथं कसा जाऊ? ही भितीवर हात फिरवत पुसन, कुठी हाय, कुठी हाय. म्या काय दाखवू?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, स्वतःचाच आला. स्मारक वेळापत्रकात मी घातलं होतं, खास त्यांच्यासाठी, त्यांना एका शब्दानं न विचारता. वर वाचनालयाच्या सभेत टाळ्याही घेतल्या होत्या.

"संजय," मारोतराव म्हणाले, "फाईल घेऊन जा. तुमची सहल करा. फक्त आमची दोघायची कार्डं राहू दे. तिले सांग, बाकी सापडली, हे दोन नाही सापडले. एवढं कर बापा."

मी बिजलीबाईंकडे पाहिलं. खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो.

"मी नाही सांगणार," बिजलीबाई म्हणाल्या. "अन संजूबी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

"काय सांगा?"

हा आवाज फाटकातून आला. शकुकाकू गुडघ्यावर हात ठेवून उभ्या होत्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. मारोतराव उठले, आणि त्यांनी सांगितलं. ट्रक, कागद, टीव्ही, शाळा, फाईल. त्यांनी काही झाकलं नाही आणि काही सजवलं नाही. मी जमिनीकडे पाहत होतो.

"भितीवर नाही?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"कुठीच नाही?"

"कुठीच नाही."

"सहा सालं मले फसोलं तुम्ही." काकूंचा आवाज चढला. "मी रोज दिवा लावताना त्या भितीले हात जोडत होती. म्या शेजारच्या सोनूच्या मायले सांगतलं, बाजारात सांगतलं. अन तुम्ही त्या लेकरायसमोर उभे राहून..."  मारोतरावांनी हात पुढे केला तो त्यांनी झटकला, आणि कट्ट्यावर बसून त्या रडल्या. आम्ही दोघं उभेच राहिलो. जावं की थांबावं ते समजत नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं, कट्ट्यामागं हात घालून फाईल ओढून काढली आणि नवऱ्यापुढं हात पसरला. "तुमचं द्या." मारोतरावांनी बंडीच्या खिशातून कार्ड काढून दिलं. काकूंनी ते फाईलमध्ये टाकलं.

"संजय, त्या भितीवर किती नावं हायत रे?"

"पंचवीस हजारांच्या वर, काकू."

"त्यायच्या साऱ्यायच्या माया तिथं येऊन गेल्या असतीन काय?"

मी म्हणालो, "साऱ्या कुठून येतील? लांबलांबच्या गावची पोरं आहेत. कित्येकींना दिल्ली पाहायलाही मिळाली नसेल."

"मंग मी जातो. ज्याची माय आली नसन, त्याच्या नावावर मी हात ठेवतो." त्यांनी मारोतरावांकडे पाहिलं. "अन तुम्ही नावं वाचून दाखवा मले. एकबी खोटं नाही वाचाचं."

मारोतरावांनी मान हलवली.

"किती येळ ठेवला तू तिथं?" काकूंनी मला विचारलं.

"अर्धा तास."

"अर्ध्या तासात काय होते, बाप्पा?"

मी खिशातून वेळापत्रक काढलं. स्मारकानंतर बाजार होता, सगळ्यांच्या खरेदीसाठी दोन तास. ते खोडलं आणि स्मारकासमोर अडीच तास लिहिले.